पीटरहेडचा जेम्स वेल्स पुण्यात काय करत होता?

उत्तरसमुद्री विचारतात:

नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा. पेठेतला नाही, धनकवडीतला. आधीच सांगून टाकलेलं बरं. गेली सहा वर्षं स्कॉटलंडात ॲबर्डीनला आहे, समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात. आमच्या टीमवर साठीला आलेला एक गृहस्थ आहे, पीटरहेडचा. पीटरहेड म्हणजे ॲबर्डीनच्या उत्तरेचं मोठं मच्छीबंदर. गावात शिरलात की आधी वास येतो, मग घरं दिसतात. हा माणूस तिकडची डोरिक बोली बोलतो. मला त्यातलं पहिल्या वर्षी काहीच कळत नव्हतं, आता निम्मं कळतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा आमच्या गावचा चित्रकार. तुझ्या गावच्या राजाला समोर बसवून त्यानं हे रंगवलं." बघतो तर सवाई माधवराव आणि शेजारी नाना फडणवीस! शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचे चेहरे. पण ते कुणी काढले हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. मी "हो हो, माहितीये" म्हणून वेळ मारून नेली. त्यानं पुढे विचारलं, "मग तो तुमच्याकडे मेला कसा?" तिथं माझी गाडी थांबली.

चित्रकाराचं नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७, पीटरहेड. शिकला ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात. (त्या जागेवर आता महापालिकेचं मुख्यालय आहे. दगडी आणि भव्य इमारत, पण वेल्सच्या नंतरची. मी तिथं फक्त घरपट्टीच्या भानगडीसाठी गेलोय.) हा स्कॉटिश माणूस "वेल्स" आडनावाचा कसा, तो पेशव्यांपर्यंत पोचला कसा, आणि चित्रकाराबरोबर त्याला एचर (तांब्याच्या पत्र्यावर चित्र काढून छापणारा) का म्हणतात? जाणकारांनी सांगावं. सोमवारी पुन्हा त्याच टेबलावर बसायचंय.

---

पेठकर

आडनावाचं फार मनावर घेऊ नका. आमच्याकडे सातारकर आडनावाचे लोक तीन पिढ्या नागपुरात राहतात.

चित्राबद्दल थोडक्यात: १७९२ सालचं तैलचित्र. मूळ लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे. पुण्यात दिसतात त्या त्याच्या नकला आणि नकलांच्या नकला. बाकीचं मठारकाका सांगतील. त्यांना हाक मारली की ते येतातच, आणि आले की जेवायची वेळ टळते.

---

मठार

आलो. जेवूनच बसलोय, त्यामुळे पेठकरांनी काळजी करू नये.

आधी माझं थोडं सांगतो, कारण ते या विषयाला लागून आहे. माझं लहानपण कसब्यातल्या तांबट आळीत गेलं. वडील बंब, घंगाळं, हंडे घडवायचे. सकाळी सातपासून ठोके. भांड्याला मठार मारायचं, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठशांनी पत्रा बांधून घ्यायचा. माझी ओळ वाकडी जायची. वडील म्हणाले, तू चित्रकलेला जा. गेलो, आणि तिथं छपाईच्या वर्गात सरांनी पहिल्या दिवशी हातात काय दिलं? तांब्याचा पत्रा. पुढे चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं.

तर एचिंग. तांब्याच्या घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्याला ग्राउंड म्हणतात. त्यावर सुईनं चित्र काढायचं. सुई जाते तिथं मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग पत्रा ॲसिडात. उघड्या रेषा ॲसिड खातं, मेणाखालचं तांबं शाबूत राहतं. मेण पुसा, शाई भरा, वरची शाई जाळीच्या कापडानं पुसून काढा, ओला कागद ठेवा आणि प्रेसमधून जोर लावून काढा. चित्र कागदावर उलटं येतं, डावं उजवीकडे. म्हणून पत्र्यावर आधीच उलटं काढावं लागतं. माझ्या पहिल्या प्लेटमधल्या दुकानाची पाटी उलटी छापली गेली, ती सरांनी वर्षभर भिंतीवर लावून ठेवली. छिन्नीनं तांबं थेट कोरायला सोनाराचा हात लागतो. मेणावर सुई मात्र पेन्सिलीसारखी फिरते. त्यामुळे चित्रकारांना एचिंग जवळचं. एक चित्र काढायचं आणि प्रती पुष्कळ. परमुलखात पोट भरायला आलेल्या माणसाला याहून सोयीचं काय?

आता तुमचा माणूस. बराचसा स्वतःच शिकलेला. लंडनला जाऊन रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्रं लावली, पण तिथं चित्रकारांची रांग मोठी. १७९१ च्या पावसाळ्यात, जुलैत, तो मुंबईत उतरला. वय चव्वेचाळीस. त्या वयात माझे सहकारी निवृत्तीचा हिशेब करायला लागले होते.

पुण्यात त्यावेळी इंग्रजांचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, होता चार्ल्स मॅलेट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी. मॅलेटला लेण्यांचा आणि चित्रांचा नाद होता. त्यानं वेल्सला हाताशी धरलं, दरबारात नेलं. १७९२ मध्ये पुण्यात कोण कोण होतं बघा: सवाई माधवराव अठरा वर्षांचा, नाना पन्नाशीचे, आणि त्याच वर्षी उत्तरेतून महादजी शिंदे येऊन उतरलेले. दोन वर्षं आधी किंवा नंतर आला असता तर हे तिघे एका गावात सापडले नसते. वेल्सनं तिघांनाही रंगवलं.

त्या चित्रात मला काय दिसतं ते सांगतो. आपल्याकडच्या त्या काळच्या चित्रांत माणूस बहुधा एकचष्म असायचा: चेहरा बाजूनं, एक डोळा, नाकाची कडक रेघ. माणूस कोण आहे हे पगडीवरून आणि अलंकारांवरून ओळखायचं. वेल्सनं चेहरा वळवला, एका बाजूनं उजेड सोडला. गालाखाली सावली आली, डोळ्याखाली थकवा आला. नानांकडे बघा. कारभार केलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. आणि शेजारचा पेशवा मोत्यांनी लगडलेला, पण कोवळा. पुस्तकात शंभर वेळा वाचलं असेल की गादी एकाची आणि सत्ता दुसऱ्याची. इथं ते न वाचता कळतं. आज कुठल्याही नाटकात नाना उभा करायचा तर रंगभूषाकार याच चेहऱ्याकडे जातो.

आता मला खरं सांगायचंय ते. वेल्सच्या बरोबर एक पुणेकर होता. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. माझं त्याचं काही नातं आहे असं नाही. पण आमच्या आळीतल्या आडनावाचा माणूस, आणि वेल्स यायच्या आधीच मॅलेटसाठी कागदावर चित्रं काढणारा! पर्वतीजवळ पेशव्यांचा शिकारखाना होता, तिथल्या गेंड्याचं चित्र त्यानं १७९० मध्ये काढलंय. गेंड्याच्या कातडीच्या घड्या बघा: चिलखत ठोकून बसवल्यासारख्या. मला तिथं हातोडी ऐकू येते. हा माझा पक्षपात समजा. मॅलेटच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली होती, तिच्याशीही गंगारामचं नाव जोडलेलं आहे.

मॅलेटनं गंगारामला आधी वेरूळला पाठवलं. १७९५ मध्ये वेल्स स्वतः गेला. बरोबर गंगाराम आणि रॉबर्ट मॅबन नावाचा दुसरा मदतनीस. तिघांनी कैलास मापला, काढला. फूटपट्टी, दोरी, वटवाघळं आणि मार्गशीर्ष सरल्यावरचं ऊन. मी एकदा मुलांची सहल घेऊन तिथं कैलासचं एक खांब-शीर्ष नीट काढायला बसलो होतो. तीन तासांत पाठ धरली आणि चित्र अर्धं.

मेला कसा हे विचारलंत. १७९५ च्या शेवटी तो मुंबईजवळ साष्टीत होता. कान्हेरीच्या लेण्यांची चित्रं काढताना ताप भरला आणि नोव्हेंबरात गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा. त्याआधी ऑक्टोबरच्या अखेरीस, २७ तारखेला, सवाई माधवराव गेला होता. शनिवारवाड्यातून पडल्यावर दोन दिवसांनी. वय एकवीस. महादजी तर १७९४ च्या फेब्रुवारीतच वानवडीला वारले होते. मॉडेल आणि चित्रकार सगळे दोन वर्षांत उठून गेले; मागं उरले नाना, तेही १८०० पर्यंत.

---

वेलार्ड

मठारकाकांना नमस्कार. पुणेकरांनी वेल्स पळवला, तर मुंबईच्या बाजूनं थोडी भर.

"एचर" हा शिक्का त्याच्यावर बसला तो मुंबईमुळे. मुंबई बेट आणि परिसराच्या बारा दृश्यांचा त्याचा संच आहे. दृश्यं १७९१-९२ मधली, संच लंडनला १८०० मध्ये निघाला, म्हणजे त्याच्या मरणानंतर. एचिंग छापून वर हातानं रंग भरलेले. माझगावच्या टेकडीवरून बंदर, शीवचा किल्ला, घारापुरी, आणि माझं आवडतं: लव्ह ग्रोव्हवरून दिसणारी खाडीची फट.

वरळीकरांना लव्ह ग्रोव्ह म्हटलं की पंपिंग स्टेशन आठवतं. नाक आपोआप आक्रसतं. पण वेल्सच्या वेळी वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून समुद्र आत शिरायचा, भरतीला मधला सखल भाग पाण्याखाली जायचा. त्यावर बांध घातला तो हॉर्नबी वेलार्ड. १७८० च्या दशकात तो पुरा झाला. वेल्सनं चित्र काढलं तेव्हा बांध नवाकोरा होता, मुंबई अजून बेटांची होती आणि हे सगळं पुढे एक सलग जमीन होणार आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. आपल्याला त्या चित्रात निसर्ग दिसतो. त्या वेळच्या माणसाला त्यात नवं बांधकाम दिसलं असणार. आज कोणी कोस्टल रोडचं चित्र काढावं तसं.

मी एका रविवारी चित्राची छापील प्रत घेऊन वरळीला फिरलो. वेल्स उभा होता तिथून समुद्र दिसेल अशी आशा होती. दिसल्या इमारती. एका वॉचमननं विचारलं, "फ्लॅट बघताय का?" मी चित्र दाखवलं. तो मूळचा रत्नागिरीचा. चित्र बराच वेळ बघून म्हणाला, "हे आमच्या गावासारखं आहे."

संग्राहकांसाठी एक सूचना. अशा संचांची बांधणी सोडून दुकानदार सुटी पानं विकतात, आणि हल्लीच्या छापील नकलाही "मूळ" म्हणून खपवतात. मूळ एचिंगच्या कडेनं प्लेटचा दाब बसलेला असतो, बोट फिरवलं की चौकट लागते. ती नसेल तर खिशात हात घालू नका. मी हे फुकट शिकलेलो नाही.

---

उत्तरसमुद्री

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी मी गेंडा दाखवला. आमचा पीटरहेडवाला म्हणाला, "हा तुमचा माणूस आमच्या माणसापेक्षा बरा काढतो." हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं याचं महत्त्व तुम्हाला कळणार नाही, तो कुणाचंच कौतुक करत नाही, स्वतःच्या नातवाचंही नाही.

पण एक खुपतंय. वेल्स शेवटी मॅलेटचा, म्हणजे कंपनीच्या वकिलाचा माणूस. ते मोठं दरबाराचं चित्र आहे ना, मॅलेट पेशव्याला तहाचा कागद देतोय ते, तेही वेल्सचंच का? ते बघताना आपण दुसऱ्याच्या अल्बममधले आपले फोटो बघतोय असं वाटतं.

---

मठार

खुपलं ते बरं झालं. त्या चित्राची गंमत ऐका.

तह झाला १७९० मध्ये, टिपूविरुद्ध. वेल्स हिंदुस्थानात उतरला १७९१ मध्ये. म्हणजे तो दरबार त्यानं पाहिलाच नाही. नंतर पुण्यात राहून त्यानं माणसांचे चेहरे आणि वाड्यातला दरबार यांची रेखाटनं जमवली. तो मेला. रेखाटनं लंडनला पोचली आणि थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकारानं त्यावरून १८०५ मध्ये मोठं चित्र पुरं केलं. डॅनियल तहाच्या वेळी उत्तर हिंदुस्थानात होता, तोही दरबारात नव्हता. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मधोमध मॅलेट, मागे गणपती, रांगेनं पागोटी. ज्यानं करवून घेतलं तोच मधे! लग्नाच्या अल्बममध्ये व्हिडिओवाल्याचा मामा असावा तसं. पण आता दुसरी बाजू. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. आपण फिरतो ती जोती आणि कारंजी. त्या दरबाराची आतली शोभा कशी होती हे बघायचं तर याच चित्रापुढे उभं राहावं लागतं. अल्बम दुसऱ्याचा आहे, आणि आपल्या घरात त्या समारंभाचा दुसरा फोटो नाही.

मॅलेटचंही सांगून टाकतो. पुण्यात त्याच्या घरी अंबर कौर नावाची बाई होती, त्याच्या मुलांची आई. तिचं चित्र वेल्सनं काढलंय, आणि मॅलेटच्या मुनशीचं, नुरुद्दीन हुसेनखानाचंही. मला विचाराल तर पेशव्यांच्या चित्रापेक्षा ही दोन पुन्हा पुन्हा बघावीत. इथं दाखवायला दरबार नाही, फक्त माणूस आहे. वेल्स गेला. मॅलेटनं १७९८ मध्ये हिंदुस्थान सोडला आणि पुढच्या वर्षी लग्न केलं ते वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुझानाशी. तो पंचेचाळिशी ओलांडलेला. त्यांना आठ मुलगे झाले. अंबर कौरचं चित्र काढताना बापाच्या मनात हे आलं असेल का, असल्या प्रश्नांवर कादंबऱ्या लिहितात; मी ड्रॉइंग मास्तर आहे, मी फक्त तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघतो.

वेरूळच्या चित्रांचं मात्र मला खरंच लागतं. १८०३ मध्ये लंडनला चोवीस चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. शीर्षकपानावर लिहिलंय: जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली. अर्पण मॅलेटला. तांबट त्या पानावर नाही. त्याची स्वतःची रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात सुखरूप राहिली, वेल्सच्या डायरीशेजारी, म्हणून तो आपल्याला सापडला. येलनं ती जालावर मोकळी ठेवली आहेत. पुतणीनं लॅपटॉपवर मोठी करून दाखवली तेव्हा मी वडिलांचा चष्मा लावून बसलो होतो, माझा सापडेना म्हणून. त्या धूसर काचेतूनसुद्धा रेघेत दम दिसत होता.

---

पेठकर

काका, जेवणाची वेळ टळली.

---

उत्तरसमुद्री

शेवटचं. आमचा पीटरहेडवाला डिसेंबरात माझ्याबरोबर येतो म्हणतोय. चौदा दिवसांची रजा टाकलीय त्यानं, नातवासकट. आधी मुंबई, मग वेरूळ, मग आमच्या घरी धनकवडी. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न: तो मासे सोडून काही खातो का? दोन मुक्काम कसे आखावेत?

---

वेलार्ड

कान्हेरी सोमवारी बंद असते. बाकी दिवशी सकाळी लवकर गाठा, बोरिवलीच्या बाजूनं. वरळी मी दाखवतो, वॉचमनसह.

---

मठार

वेरूळ मंगळवारी बंद. कैलासला खालून आत शिरण्याआधी कडेच्या वाटेनं डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा, मगच कळेल की हे काढायला तिघं का लागले. गोऱ्या माणसाला टोपी घाला. नातवाला कागद-पेन्सिल द्या आणि एकच हत्ती काढायला सांगा. अख्खं लेणं नको. पुण्यात आलात की तांबट आळीत मी नेतो. अजून चार दुकानांत ठोके चालू आहेत. दुपारी एक ते चार सोडून कधीही या.